काठावरची शिल्पे आणि काठावरून हुसकलेली माणसे

'सार्वजनिक' हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. विहीर सार्वजनिक असते, पाणवठा सार्वजनिक असतो, स्मशानही कागदोपत्री सार्वजनिकच असते. पण ह्या शब्दाचा खरा अर्थ काय, हे दलित माणसाला जितके तपासून घ्यावे लागले तितके इतर कोणाला लागले नसेल. माझी आजी सार्वजनिक विहिरीच्या कडेला घागर ठेवून कोणी वरून पाणी वाढील म्हणून तासन् तास बसत असे. विहिरीवर बंदीची पाटी नव्हती. पाटीची गरजच नव्हती. त्यामुळे एखादी जागा 'सर्वांना खुली' आहे असे वाचले की माझ्या मनात आपोआप तीन प्रश्न उभे राहतात. ही जागा आधी कोणाची होती? ती खुली कोणी केली? आणि प्रत्यक्षात तिथे ताठ मानेने कोण वावरू शकतो?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिएटल शहरात भाच्याकडे काही दिवस मुक्काम होता. तो तिथे संगणक क्षेत्रात नोकरी करतो. एका रविवारी त्याने मला समुद्रकाठचे शिल्पांचे उद्यान दाखवायला नेले. त्या भेटीत हे तीन प्रश्न माझ्यासोबत होते. हा लेख त्यांच्या अनुषंगाने लिहिला आहे. कलेची समीक्षा करण्याचा माझा अधिकार नाही. ही शिल्पे ज्या मातीवर उभी आहेत तिचा इतिहास मात्र आपल्या वाचकांच्या कामाचा आहे असे वाटते.

१

ह्या उद्यानाचे नाव ऑलिंपिक स्कल्प्चर पार्क. खेळांशी त्याचा संबंध नाही. खाडीपलीकडे बर्फाच्छादित ऑलिंपिक पर्वतरांग दिसते, तिच्यावरून हे नाव पडले. सिएटल आर्ट म्युझियम ह्या संस्थेने ते उभारले आणि जानेवारी २००७ मध्ये लोकांसाठी खुले केले. क्षेत्र सुमारे ९ एकर. तिकीट नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत कोणीही यावे. मॅरियन वाइस आणि मायकेल मॅनफ्रेडी ह्या वास्तुशिल्पकारांनी त्याची रचना केली. शहराच्या उंचीवरून नागमोडी वळणे घेत एक रुंद पायवाट खाली एलियट उपसागरापर्यंत उतरते. मध्ये एक वाहता हमरस्ता आहे, आगगाडीचे रूळ आहेत. वाट त्या दोहोंवरून जाते. खालून मालगाडी धडधडत जात असते आणि वर मुले गवतावर लोळत असतात.

वरच्या अंगाला अलेक्झांडर काल्डरचा 'गरुड' आहे. ३९ फूट उंचीचा, लालभडक, पोलादी. १९७१ साली घडवलेला तो आधी टेक्सासमधील एका बँकेसमोर उभारला गेला होता. मालक बदलत तो येथवर आला. एका खोलगट जागेत रिचर्ड सेराचे 'वेक' आहे. गंजलेल्या रंगाच्या, वळणदार पोलादी भिंतींच्या पाच जोड्या, उंची १४ फूट. त्यांच्या मधून चालताना जहाजांच्या पोटाजवळून चालल्यासारखे वाटते. सेराचा बाप जहाजाच्या गोदीत काम करीत असे आणि सेराने स्वतः तरुणपणी शिक्षणाच्या खर्चासाठी पोलादाच्या कारखान्यांत मजुरी केली होती. २०२४ साली तो वारला. ज्या हातांनी पोलाद हाताळले त्याच हातांना पोलादाचा कलावंत म्हणून मान मिळाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. आपल्याकडे दगड फोडणारा, वाहणारा, घडवणारा माणूस निनावी राहिला. देऊळ उभे राहिल्यावर त्याच्या वंशजांना पायरीही वर्ज्य झाली. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर आपल्या माणसांना सत्याग्रह करावा लागला, तो ह्याच व्यवस्थेविरुद्ध होता.

शिल्पांना हात लावू नये, अशी सूचना उद्यानात आहे. आमच्या वयाच्या माणसाला 'हात लावू नका' हे शब्द सहजपणे वाचता येत नाहीत. मी क्षणभर थबकलो. भाचा हसून म्हणाला, "मामा, हे सगळ्यांनाच आहे." ते खरे होते. तळहाताचा ओलावा, तेल आणि मीठ ह्यांनी धातू आणि रंग खराब होतो, म्हणून ही बंदी. ती कारखानदाराला आहे आणि झाडूवाल्यालाही आहे. येथे बंदी हाताला आहे, हाताच्या जातीला नाही. वस्तू जपण्यासाठी केलेला नियम आणि माणसाला हीन ठरवण्यासाठी केलेला नियम ह्यांतला हा फरक शाळेत मुलांना शिकवण्यासारखा आहे.

२

आता पहिला प्रश्न. ही जागा कोणाची होती?

गोऱ्या वसाहतवाल्यांची पहिली टोळी नोव्हेंबर १८५१ मध्ये ह्या उपसागराच्या काठी उतरली. त्याआधी कित्येक शतके येथे ड्युवामिश लोक राहत होते. मासे, शिंपले, देवदाराची लांब घरे आणि होड्या हे त्यांचे जग. त्यांच्याच एका प्रमुखाचे नाव ह्या शहराला दिले गेले. सिएटल हा त्याच्या नावाचा गोऱ्यांच्या जिभेवर झालेला अपभ्रंश आहे. जानेवारी १८५५ मध्ये पॉइंट एलियट येथे तह झाला. त्यावर ह्या प्रमुखाची खूण पहिल्या खुणांपैकी आहे. तहाने जमीन गेली. मोबदल्यात काही राखीव क्षेत्रे ठरली, पण ड्युवामिशांना त्यांच्या स्वतःच्या भूमीत वेगळे क्षेत्र मिळाले नाही.

पुढची पायरी आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. सिएटलला नगर म्हणून मान्यता मिळून जेमतेम महिना झाला होता. फेब्रुवारी १८६५ मध्ये नगराच्या विश्वस्तांनी सुरुवातीच्या ठरावांतच एक ठराव असा केला, की नगराच्या रस्त्यावर, गल्लीत वा मोकळ्या जागेत मूळनिवासी माणसाने राहू नये. अपवाद एकच. एखाद्या गोऱ्याने त्याला कामावर ठेवले असेल आणि आपल्या जागेत निवारा दिला असेल तर चालेल. म्हणजे श्रम हवे, शेजार नको. गावकुसाबाहेरचे जिणे ज्यांनी भोगले त्यांना ह्या ठरावाचे भाषांतर करून सांगावे लागणार नाही. तो नगरकारभार १८६७ मध्ये बरखास्त झाला आणि ठरावाचे कायदेशीर आयुष्य संपले. वृत्ती मात्र संपली नाही. मूळनिवासी माणसे काठाकाठाने सरकत राहिली. जहाजे हलकी असताना तोल राखण्यासाठी भरलेले दगडधोंडे बंदरात टाकून देत. त्यांचा एक ढीग साचून बेट झाले, त्याला बॅलास्ट आयलंड म्हणत. १८८० आणि १८९० च्या दशकांत मूळनिवासी कुटुंबे त्या ढिगावर तंबू ठोकून राहत. ज्यांच्या नावाचे शहर, त्यांना जागा मिळाली ती जहाजांनी टाकलेल्या दगडांवर. आज तो ढीगही किनाऱ्याच्या भरावाखाली गडप झाला आहे. १८९३ मध्ये उपसागराच्या पश्चिमेकडची त्यांची घरे जाळण्यात आली.

हुसकण्याची ही रीत एकाच समाजापुरती राहिली नाही. ७ फेब्रुवारी १८८६ रोजी जमावाने शहरातील सुमारे साडेतीनशे चिनी कामगारांना घराबाहेर काढून ह्याच किनाऱ्यावरच्या धक्क्याकडे हाकत नेले. लोहमार्ग घालताना, खाणीत आणि मासळीच्या कारखान्यात त्यांचे हात चालले होते, पण मंदी येताच ते परके ठरले. त्यांना हाकणाऱ्यांत गोरे कामगारही होते, हे चळवळीतल्या माणसाने विसरू नये. पोट सारखे असले म्हणजे मन सारखे होते असे नाही, हे बाबासाहेबांनी मजुरांच्या चळवळीला वारंवार बजावले होते. पुढे ३० मार्च १९४२ रोजी समोरच्या बेनब्रिज बेटावरील २२७ जपानी वंशाची माणसे सैनिकांच्या पहाऱ्यात बोटीने ह्या किनाऱ्यावर उतरवली गेली आणि आगगाडीत बसवून छावणीकडे रवाना केली गेली. त्यांपैकी बहुतेक जण जन्माने अमेरिकी नागरिक होते. उद्यानातून ते बेट स्पष्ट दिसते. आज तिकडून पर्यटकांच्या बोटी येतात.

उद्यानाच्या प्रत्यक्ष भूखंडावर १९१० ते १९७५ पर्यंत एका तेल कंपनीच्या टाक्या होत्या. तेल जमिनीत मुरले. ही जमीन उद्यानासाठी घेण्याआधी सुमारे १ लाख २० हजार टन दूषित माती उपसून न्यावी लागली. १९९९ मध्ये संग्रहालयाने एका भूसंरक्षण संस्थेच्या साह्याने ही जागा घेतली. नाहीतर तिथे धनिकांच्या इमारती उठल्या असत्या. शहरात संग्रहालयाच्या विस्तारासाठी जे खोदकाम झाले त्यातली माती आणून येथे भर घातली गेली. काठावर तरुण सामन माशांसाठी उथळ पाण्याचा आसराही तयार केला गेला. सारा खर्च सुमारे साडेआठ कोटी डॉलर. प्रवेश मोफत राहावा म्हणून एका धनिक दांपत्याने मोठा निधी दिला.

हे सर्व चांगलेच झाले, ह्यात शंका नाही. विषारी जमीन लोकांसाठी स्वच्छ करणे ही मोठी गोष्ट आहे. मात्र 'मोफत' ह्या शब्दाने फसू नये. किंमत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. किंमत कोणीतरी आधीच मोजलेली असते एवढाच अर्थ. देणगीदारांची नावे दगडावर कोरली जातात. ज्यांनी भूमीच्या रूपाने पहिली किंमत मोजली त्यांची पावती कोणी ठेवलेली नसते.

३

उद्यानात एक काचघर आहे. मार्क डायन ह्या कलावंताचे ते काम. आत ६० फूट लांबीचा एक उन्मळून पडलेला वृक्ष ठेवला आहे. त्याच्या कुजणाऱ्या खोडावर शेवाळ, नेचे, कवके, लहान रोपे वाढत असतात. जंगलात हे आपोआप घडते. शहरात त्यासाठी हवा, ओल, उजेड सारे यंत्राने पुरवावे लागते. मेलेल्या झाडाला जगवण्यासाठी किती खटाटोप करावा लागतो हे दाखवणे हाच कलावंताचा हेतू आहे. हे झाड ग्रीन नदीच्या खोऱ्यातून आणले. हीच नदी खाली आल्यावर ड्युवामिश ह्या नावाने वाहते.

म्हणजे नदीच्या वरच्या खोऱ्यातील पडलेल्या झाडाला शहरात काचेचे घर मिळाले. नदीला ज्यांचे नाव आहे त्या माणसांचे काय? ड्युवामिश जमातीला अमेरिकेच्या केंद्र सरकारची अधिकृत मान्यता नाही. जानेवारी २००१ मध्ये एका सरकारच्या अखेरच्या दिवसांत ती मिळत होती. नवे सरकार येताच तो निर्णय फिरवला गेला. २०१५ मध्ये पुन्हा नकार आला. नंतर प्रकरण न्यायालयात गेले. तुम्ही जमात म्हणून सलगपणे टिकून राहिला आहात हे सिद्ध करा, असे त्यांना सांगितले जाते. ज्यांनी विखरून टाकले तेच अखंडतेचा पुरावा मागतात. तरीही ही माणसे स्वस्थ बसली नाहीत. २००९ मध्ये त्यांनी नदीकाठी स्वतः मिळवलेल्या जागेवर आपले लांब घर उभारले. ते कोणाच्या दयेचे नाही. मला विचाराल तर सिएटलच्या काठावरची सर्वांत महत्त्वाची कलाकृती तीच आहे.

४

दुसरा प्रश्न, जागा खुली कोण करतो? ह्याचे उत्तर शोधायला महाडला जावे लागते.

सार्वजनिक निधीतून बांधलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत असा बोले ह्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले झाले, पण तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे ओंजळ भरता आली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी घेतले. त्या दिवशी खऱ्या अर्थाने तळे सार्वजनिक झाले. सनातन्यांनी माणसांना झोडपले, तळ्याची 'शुद्धी' केली. नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला. खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ठरावापासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली.

महाडने शिकवलेला धडा असा: मालकाने दार उघडले म्हणजे जागा सार्वजनिक होत नाही. ज्यांना बाहेर ठेवले होते ते आत चालत गेले, आणि आत गेल्यावर त्यांना कोणी हुसकू शकले नाही, तरच ती सार्वजनिक होते. ठराव लागतोच. ठरावाशिवाय न्यायालयात उभे राहता येत नाही. पण ठरावाला पाय नसतात. पाय माणसांचे लागतात.

सिएटलने हाच अनुभव आपल्याला अगदी अनपेक्षित रीतीने दिला आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथील नगर परिषदेने भेदभावविरोधी कायद्यात 'जात' हा शब्द घातला. ठराव पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या नगरसेविका क्षमा सावंत ह्यांनी मांडला होता. सहा विरुद्ध एक अशा मतांनी तो मंजूर झाला. नोकरी, घर आणि सार्वजनिक ठिकाणे येथे जातीवरून भेदभाव करणे बेकायदा ठरले. असे करणारे सिएटल हे अमेरिकेतील पहिले शहर. विरोध करणाऱ्यांनी सांगितले की अमेरिकेत जात नाहीच, असा कायदा म्हणजे एका समाजाची बदनामी. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. जात पाळणारा नेहमीच म्हणतो की जात आता उरली नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने अशाच आशयाचे विधेयक मंजूर केले, पण राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये ते नामंजूर केले.

ज्या नगराने १८६५ मध्ये मूळनिवाशांना राहण्याची बंदी केली, त्याच नगराने २०२३ मध्ये जातीला बंदी केली. इतिहास असा वळू शकतो, पण तो आपोआप वळत नाही. साक्षी द्यायला माणसे उभी राहिली म्हणून तो वळला.

५

आणि तिसरा प्रश्न. प्रत्यक्षात कोण ताठ मानेने वावरतो?

पायवाट संपते तिथे, अगदी पाण्याकडे तोंड करून, एका मुलीचे प्रचंड पांढरे मस्तक उभे आहे. झाउमे प्लेन्सा ह्या स्पॅनिश शिल्पकाराचे 'एको', म्हणजे प्रतिध्वनी. उंची ४६ फूट. २०११ मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये उभे होते, २०१४ पासून येथे आहे. चेहरा त्याच्या शेजारच्या एका नऊ वर्षांच्या मुलीचा. डोळे मिटलेले. ग्रीक पुराणात एको ही एक अप्सरा. देवराणीने शाप देऊन तिची वाणी हिरावली. दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे तिने परत म्हणायचे, स्वतःचे काही बोलायचे नाही.

तिथे एक मराठी कुटुंब भेटले. गृहस्थ मोठ्या आपुलकीने बोलले. परदेशात मराठी ऐकून कोणालाही बरे वाटते. मग ओळखीचा प्रश्न आला, "मूळचे कुठले आपण?" मी गाव सांगितले. भाचा पाण्याकडे पाहू लागला. "आणि आडनाव?" मी आडनाव सांगितले, आणि विचारायच्या आधीच आम्ही बौद्ध हेही सांगून टाकले. ते "छान, छान" म्हणाले. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग त्यांनी कुटुंबाचा फोटो काढून द्याल का म्हणून विचारले. मी काढून दिला. त्यांनी वाईट काहीच केले नाही. वाईट होती ती मधली थोडी शांतता.

परत चढताना भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही एका दमात सांगून टाकलंत."

"मलाही आधी जमत नव्हतं. सवय करावी लागते. तू काय करतोस?"

"मी गाव सांगतो. मग ते तालुका विचारतात. मग आडनाव. मग घरी मटण होतं का, ते. इथला गोरा माणूस ह्यातलं काही विचारत नाही, त्याला आपलं आडनाव म्हणताच येत नाही. विचारतात ते आपलेच."

मग बराच वेळ गप्प राहून त्याने सांगितले की २०२३ च्या फेब्रुवारीत नगर परिषदेपुढे बोलण्यासाठी त्यानेही दोन वाक्ये लिहून ठेवली होती. तो गेला नाही. कंपनीत त्याच्या वरचा अधिकारी आपल्याकडचाच होता. त्याने घरी बसून सारे ऐकले आणि ठराव मंजूर झाल्यावर एकट्यानेच पेढा खाल्ला.

मी त्याला दोष देत नाही. नोकरी, घराचे हप्ते, मुलीची शाळा असलेल्या माणसाला दोष देणे सोपे असते. शिवाय त्याच्या बाजूने इतरांनी साक्ष दिली आणि कायदा झाला. चळवळीचा अर्थच हा असतो की एकाला बोलता आले नाही तर दुसरा बोलतो. पण दुसऱ्याने किती काळ बोलायचे? आमच्या आधीच्या पिढ्यांची वाणी शापाने गेली नव्हती, ती व्यवस्थेने नेली होती. ती परत मिळवण्यासाठीच दलित साहित्य जन्माला आले. आज उच्चशिक्षित होऊन समुद्रापार गेलेली आपली मुले तिकडे पुन्हा दुसऱ्याचे शेवटचे शब्द म्हणू लागली असतील, तर तो आपल्या चिंतेचा विषय असला पाहिजे.

इतिहासाचे विद्यार्थी आणि शिक्षक ह्यांना म्हणूनच एक विनंती आहे. परदेशातील दलितांचा इतिहास अजून कोर्टाच्या कागदांत आणि कायद्यांच्या मसुद्यांत आहे, त्यांच्या स्वतःच्या शब्दांत तो फार थोडा आहे. तो लिहून घ्यावा. पत्रे, दैनंदिन्या, पहिली भाड्याची खोली, पहिल्या जयंतीचा हॉल, लपवलेले आडनाव, सांगितलेले आडनाव, सारे नोंदवावे. ड्युवामिशांकडून जसा सलगपणाचा पुरावा मागितला गेला तसा उद्या आपल्याकडूनही मागितला जाईल. तेव्हा दुसऱ्यांनी ठेवलेली नोंद आपल्या उपयोगी पडणार नाही.

मी निघण्याच्या आदल्या रात्री भाच्याने ती दोन वाक्ये मला वाचून दाखवली. मी ती येथे देत नाही. ती त्याची आहेत. ती त्यानेच, त्याच्या नावानिशी, छापायला पाठवावीत. तसे त्याने कबूल केले आहे.